तांबीच्या नावावर काय काय खपतं

पत्र

ताई, मी २७ वर्षांची, कऱ्हाडजवळच्या गावात राहते. मुलगा १४ महिन्यांचा आहे, रात्रीचं दूध अजून पितो. तो नऊ महिन्यांचा असताना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तांबी, म्हणजे कॉपर टी, बसवून घेतली. चार-पाच वर्षं दुसरं मूल नको असं आमचं दोघांचं ठरलंय. लग्नाआधी पाळी तीन-चार दिवस असायची, त्रास काही नाही. आता सात-आठ दिवस अंगावरून जातं. पहिले तीन दिवस दोन-अडीच तासांत पॅड भरतं, गाठी पडतात, कंबर धरते. मी कापड दुकानात काउंटरला असते, दिवसभर उभं राहायचं आणि दुकानात बाथरूम नाही. पाळी संपली की दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपकिरी डाग. डाग आहेत तोवर सासूबाई देवाला शिवू देत नाहीत. गौरी आल्या तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसून होते. त्या म्हणतात, तांब्याची उष्णता बाधली. जाऊबाई म्हणतात, तांबी वर चढली असणार, आणि फार दिवस ठेवलीस तर पुढे मूलच राहायचं नाही. मिस्टर म्हणतात, एवढा त्रास होतोय तर काढून टाक. त्यांना तांबीचा दोराही टोचतो. आता या महिन्यात उलटंच झालंय, तारीख उलटून नऊ दिवस झाले तरी पाळी नाही. सिस्टरांना फोन केला तर म्हणाल्या, तांबीत असं व्हायचंच, सहन कर. बाळंतपणात रक्त कमी होतं, गोळ्या दिल्या होत्या, पण मळमळायचं म्हणून निम्म्या तशाच राहिल्या. तांबी काढू की ठेवू?

उत्तर

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, तेव्हा सरळ अगं-तुगं करते.

काढू की ठेवू हे मागाहून. आधी त्या नऊ दिवसांचं बघू. उद्या सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट कर. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट असतं. गावात बोभाटा होईल असं वाटत असेल तर कऱ्हाडातल्या एखाद्या मेडिकलमधून आण. तुला घाबरवायचं नाहीये. तांबी बसवलेल्या शंभर बायकांमागे वर्षभरात जेमतेम एकीला दिवस जातात, तेवढंही नाही. पण तांबी असताना दिवस गेलेच, तर गर्भ गर्भाशयात न राहता बाजूच्या बीजनळीत अडकला आहे का, हे लगेच बघावं लागतं. तांबीमुळे नळीत गर्भ राहतो असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. तांबी असलेल्या बायकांत एकूण गर्भच इतके कमी राहतात, की नळीतलेही इतरांपेक्षा कमीच असतात. मात्र जे थोडे राहतात, त्यांत नळीतल्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, सोनोग्राफी होईल. ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाशी कळ येतेय, यातलं काही असलं तर टेस्टचीही वाट बघू नकोस, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जा. गर्भ गर्भाशयातच निघाला आणि तुम्हाला नको असेल, तर ‘साधन फसलं’ हे गर्भपातासाठी कायद्याला मान्य असलेलं कारण आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि सही तुझी एकटीची लागते.

बहुतेक एकच रेघ येईल. मग पाळी लांबली कशाने? तुझ्या पत्रातला अर्धा गुंता इथे सुटतो, तेव्हा हे नीट वाच.

तांबीचं काम गर्भाशयात चालतं. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, साडेतीन सेंटिमीटर लांबीची प्लॅस्टिकची काडी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तुला बसवली ती ३८० ए असेल तर तो ३८० म्हणजे तिच्यावरच्या तांब्याचा पृष्ठभाग, चौरस मिलिमीटरमध्ये. त्या तांब्याचे कण गर्भाशयातल्या द्रवात उतरतात आणि शुक्रजंतू तिथेच लुळे पडतात. बीजकोशाला तांबीचा पत्ताही नसतो. दर महिन्याला बीज तयार होतं, सुटतं, पूर्वीसारखंच. आणि पाळी कोणत्या तारखेला येणार हे बीज कधी सुटलं त्यावर ठरतं. म्हणजे पाळीत जास्त जाणं, जास्त दिवस जाणं, पोट-कंबर दुखणं, मधेच डाग दिसणं, हे सगळं तांबी करू शकते. तारीख नऊ दिवस पुढे ढकलणं तिच्या हातात नाही.

तारीख ढकलली गेली असेल ती बहुधा दुधामुळे. मूल रात्री अंगावर पीत असतं, कधी दोनदा, कधी चारदा, कधी आजारी पडून रात्रभर. त्या कमी-जास्त पिण्याने बीज सुटण्याचं वेळापत्रक मागेपुढे होतं. शिवाय जागरणं, वजनातले चढउतार, थायरॉइड, पीसीओडी हा बीजकोशाचा विकार, ही कारणं तांबी नसलेल्या बायकांत असतात तशीच तांबी असलेल्यांतही असतात. एकच रेघ आली तर आठवडाभराने पुन्हा टेस्ट कर. पुढचे दोन-तीन महिनेही पाळी अशीच भरकटत राहिली तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घे. तांबी आहे म्हणून ती तपासणी टाळू नकोस. डॉक्टरही कधीकधी टाळतात, ‘तांबी आहे ना, मग असंच’ म्हणतात, आणि खरा आजार वर्षभर तसाच राहतो.

आता जास्त जाण्याचं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला तांबी म्हणजे परकी वस्तू. ते चिडतं. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं जास्त तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. रक्त थिजू न देणारी द्रव्यंही वाढतात, म्हणून रक्त जास्त वेळ वाहत राहतं. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. तांबीनंतर ते दीडपट होणं नेहमीचं आहे. ८० मिलिलिटरच्या वर, म्हणजे सोळा चमच्यांच्या वर गेलं की वैद्यकशास्त्र त्याला अतिस्राव म्हणतं. चमच्याने कुणी मोजत बसत नाही, तेव्हा पॅडवरून ओळखायचं: दोन तासांच्या आत पॅड पूर्ण भिजतंय, रात्री उठून बदलावं लागतंय, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतायत, आठवड्याच्या पुढे चाललंय. तू लिहिलंयस त्यावरून तू अगदी सीमेवर आहेस, कदाचित थोडी पलीकडे. तासाला एक पॅड भिजायला लागलं आणि ते दोन-तीन तास तसंच चाललं, तर मात्र ते अंगावर काढायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट मनात ठेव, तू तुलना करतेयस लग्नाआधीच्या पाळीशी. मधे एक बाळंतपण होऊन गेलं. मूल झाल्यावर अनेकींची पाळी तांबीशिवायही बदलते. ज्या बायका आधी गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या आणि मग तांबीवर आल्या, त्यांना तर हा फरक फारच मोठा वाटतो, कारण गोळ्यांवर पाळी नावापुरतीच येते. मुलगा सात-आठ महिन्यांचा असताना, तांबी बसवण्याआधी, तुझी पाळी सुरू झाली होती का? झाली असेल तर ती कशी होती ते आठव, आणि आताच्या पाळीची तुलना तिच्याशी कर.

सिस्टर म्हणाल्या त्यातला ‘असं व्हायचंच’ हा भाग बरोबर आहे. पहिले तीन महिने सगळ्यात वाईट, सहा महिन्यांपर्यंत बहुतेकींचं बऱ्यापैकी स्थिरावतं. मधले डाग आधी थांबतात, मग दिवस कमी होतात. काही जणींना मात्र पाळीत थोडं जास्त जाणं तांबी असेपर्यंत राहतं. तुला पाच महिने झालेत, म्हणजे उतार लागायची वेळ आलीये. मला राग येतो तो ‘सहन कर’ याचा. एकतर हे सगळं तांबी बसवण्याआधी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं. तुला कुणी सांगितलं असतं की पहिले काही महिने असं होणार, तर निम्मी काळजी झालीच नसती. दुसरं, यावर साधं औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यातही मिळतं.

ते औषध म्हणजे आयबुप्रोफेन. मघाशी म्हटलं ती प्रोस्टाग्लँडिन द्रव्यं हे औषध तयारच होऊ देत नाही, म्हणून त्याने दुखणंही थांबतं आणि रक्तही कमी जातं. बायका चूक करतात ती इथे: कळ अगदी सोसवेना झाली की मग एक गोळी घेतात. त्याचा फारसा उपयोग नाही. पाळी सुरू झाल्याबरोबर घ्यायची, आठ तासांच्या अंतराने, पोटभर जेवून, पहिले तीन दिवस, फार तर पाच. एका वेळी किती मिलिग्रॅम ते डॉक्टरना विचारून घे, बहुधा ४०० सांगतील. दम्याचा त्रास, पोटात अल्सर किंवा किडनीचा आजार असला तर ही गोळी चालत नाही. मेडिकलवाला पाळीच्या दुखण्यावर सहसा जी गोळी पुढे करतो, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन नावाचं पेटक्यांवरचं औषध असतं. मूल अंगावर पीत असताना ते घ्यायचं नाही, म्हणून नाव घेऊन आयबुप्रोफेनच माग. ॲस्पिरिन तर मुळीच नको, त्याने रक्त आणखी वाहतं. आणि या सगळ्याआधी ती टेस्ट. दिवस गेले असण्याची शक्यता असताना यातली कुठलीच गोळी सुरू करायची नाही. आयबुप्रोफेनने भागलं नाही तर डॉक्टर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त कमी जाण्याचं औषध देऊ शकतात, तेही पाळीच्या दिवसांपुरतंच.

आता तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य, जे तू अगदी जाता जाता लिहिलंयस. बाळंतपणात रक्त कमी, गोळ्या अर्ध्या राहिल्या. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गर्भारपणात कमी झालेलं रक्त भरून आलंच नाही, वर वर्षभर अंगावर पाजलं, आणि आता महिन्याला दीडपट जातंय. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता, तेव्हा तू काही एकटी नाहीस. पण कंबर धरते, पाय गळून जातात, जिना चढताना धाप लागते, हे सगळं तांबीच्या माथी मारलं जातं आणि हिमोग्लोबिन कुणी बघतच नाही. या आठवड्यात सीबीसी ही रक्ततपासणी करून घे, तिच्यात हिमोग्लोबिन कळतं. १२ च्या वर असेल तर ठीक. १२ च्या आत असेल तर लोहाच्या गोळ्या किमान तीन महिने, मधे न सोडता. ८ च्या खाली असेल तर चर्चा नको, तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचं. तिथे तांबी राहू द्यायची की नाही हेही बोलणं होईल.

मळमळीवर उपाय आहे. ती लाल गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन कामाला पळालं की मळमळणारच. रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घे आणि झोप. तरी त्रास झाला तर एक दिवसाआड घेतलेली चालते का हे डॉक्टरना विचार, अशा घेण्यानेही लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र गोळीच्या आगेमागे दोन तास नको, जेवणाबरोबर तर नकोच. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नकोस. सासूबाई गूळ-शेंगदाणे आणि हळिवाचे लाडू देत असतील तर आवडीने खा, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. ९-१० वर आलेलं हिमोग्लोबिन लाडवांनी वर येत नाही.

आता तांबी जागेवर आहे का, हा प्रश्न. जाऊबाई म्हणतात तशी तांबी ‘वर’ चढत नाही. गर्भाशय वरून बंद असतं. तिथून पोटात, काळजात, डोक्यात जाणारी वाट नाही. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडून ती बाहेर जाण्याचा प्रकार होतो, पण हजारात एखादीच्या बाबतीत. त्यापेक्षा जास्त वेळा होतं ते उलट: तांबी खाली सरकते, थोडीशी निसटते किंवा पूर्ण पडून जाते, आणि हे पहिल्या वर्षात, त्यातही पाळीच्या दिवसांत जास्त होतं. सरकलेल्या तांबीने जास्त रक्त जातं आणि कळाही जास्त येतात. म्हणून तुझ्यासारखी तक्रार घेऊन कुणी आलं की ‘तांबीत असंच असतं’ म्हणायच्या आधी दोरा बघायला हवा आणि एक सोनोग्राफी करायला हवी. फोनवर ते कळत नाही.

दोरा तुला स्वतःलाही तपासता येतो. पाळी संपल्यावर हात स्वच्छ धुऊन उकिडवी बस आणि बोट आत घाल. नाकाच्या शेंड्याइतकं टणक असं गर्भाशयाचं तोंड लागेल, तिथून तंगूसासारखे दोन धागे आलेले असतात. लागले तर झालं, ओढून बघायचं नाही. गेल्या वेळेपेक्षा खूप लांब वाटले, लागलेच नाहीत किंवा दोऱ्याऐवजी कडक प्लॅस्टिक लागलं, तर डॉक्टर बघेपर्यंत तांबीवर विसंबू नका, निरोध वापरा. पुष्कळदा दोरा नुसता आत वळलेला असतो आणि सोनोग्राफीत तांबी जागेवर दिसते, तेव्हा लगेच हाय खाऊ नकोस. मिस्टरांना टोचणारा दोरा हा तर सगळ्यात सोपा प्रश्न. काही महिन्यांत तो मऊ पडून वळतो, नाहीतर डॉक्टर कापून देतात. फार आखूड मात्र कापायचा नाही, आखूड दोऱ्याचं टोक उभं राहून जास्त टोचतं.

दोऱ्याशिवाय तपासून घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग. अंगावरून घाण वासाचं पांढरं किंवा पिवळसर जातंय, संबंधाच्या वेळी आत दुखतंय, थंडी वाजून ताप येतोय, असं काही तू लिहिलेलं नाहीस, पण असेल तर सांगायला लाजू नकोस. जाऊबाईंना वाटतं ते, पुढे मूल न राहणं, होतं ते दुर्लक्षित राहिलेल्या संसर्गाने. तांबीने नव्हे. तांबी काढली की त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात, कारण बीज सुटणं कधी थांबलेलंच नसतं.

सासूबाईंना मी मोडीत काढणार नाही. आपल्याकडे १९६५ साली लूप आला. नुसत्या प्लॅस्टिकचा, नागमोडी, तांबं नसलेला. तो धडाक्याने बसवला गेला, आकडे गाठायचे होते. बायकांना आधी काही सांगितलं नाही, नंतर कुणी तपासलं नाही, रक्त जायला लागलं तेव्हा दाद लागली नाही. त्या बायका तुझ्या आजेसासूच्या पिढीच्या. ‘तसलं काही बसवून घेऊ नकोस’ हे घराघरांत तेव्हापासून ऐकवलं जातंय, आणि त्यामागे खरं रक्त गेलेलं आहे. आताची तांबी वेगळी आहे, तिच्यात उष्णता-बिष्णता काही नाही. पण सासूबाईंची भीती कुठून आली हे समजून घेतलंस तर बोलणं जरा सोपं जाईल.

आणि ते देवाचं. तू विचारलं नाहीस, नुसतं लिहिलंस, पण त्या ओळीवर मी थांबले. मधले तपकिरी डाग ही पाळी नव्हे. चिडलेल्या अस्तरातून झिरपलेलं थोडंसं जुनं रक्त आहे ते, जखमेतून येतं तसंच. सासूबाई चार दिवस पाळतात ना? मग चारच दिवस पाळा म्हणावं, डॉक्टरांनी सांगितलंय की नंतरचं ते पाळीचं नाही. माझं नाव घाल हवं तर. माझं स्वतःचं मत विचारशील तर पाळीच्या चार दिवसांतही सुनेला बाहेरच्या खोलीत बसवायचं काही कारण नाही. पण तुझ्या घरात हा वाद आत्ता काढायचा की मुलगा जरा मोठा झाल्यावर, ते तुझं तू ठरव. मी इथे बसून सांगणं सोपं आहे. दुकानाच्या मालकाला मात्र सरळ विचार, बायका कामाला ठेवता तर त्यांनी दिवसभर जायचं कुठे? शेजारच्या दुकानाशी ठरवून दिलं तरी चालेल. पॅड आठ-आठ तास तसंच ठेवून उभं राहणं हे तांबीच्या त्रासात भर घालणारं आहे, आणि त्यावर औषध नाही.

चाळिशीच्या पुढच्या वाचकांसाठी दोन ओळी. तांबी चार-पाच वर्षं सुखात होती आणि आता एकदम जास्त जायला लागलं, तर दोष तांबीला देऊन मोकळ्या होऊ नका. गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ, अस्तराची अति वाढ, मुदत संपलेली तांबी, काहीही असू शकतं, सोनोग्राफी करा. ३८० ए ची मुदत १० वर्षं, ३७५ नावाची दुसरी तांबी असते तिची पाच. पाळी जाऊन वर्ष झालं की तांबी काढून घ्यायची असते. ती आत आहे हेच विसरलेल्या आज्या आमच्याकडे येतात.

तर काढू की ठेवू? तू काही ठरवायच्या आधी तीन गोष्टी करून घे: टेस्ट, हिमोग्लोबिन, आणि दोरा बघून सोनोग्राफी. तिन्ही ठीक निघालं तर मी तुझ्या जागी आणखी तीन पाळ्या बघितल्या असत्या, आयबुप्रोफेन वेळेवर घेऊन आणि लोह चालू ठेवून. कॅलेंडरवर रोज किती पॅड लागले ते लिहीत जा, डागांच्या दिवशी नुसता टिंब. तीन महिन्यांनी आकडा उतरलेला दिसला तर राहू दे. उतरला नाही, किंवा हिमोग्लोबिन खाली आलं, तर काढ. आणि हे सगळं न करता तुला आजच नको झालं असेल, तर तेवढंही कारण पुरे. तांबी काढायला दोन-चार मिनिटं लागतात. बसवायला कुणाची परवानगी लागली नाही, तशी काढायलाही लागत नाही. ‘अजून थोडे दिवस बघ’ म्हणून परत पाठवलं तर तिथेच बसून राहा आणि मेडिकल ऑफिसरना भेटल्याशिवाय उठू नकोस.

पण काढायला जाण्याआधी पुढे काय वापरणार ते ठरलेलं असू दे. मिस्टर ‘काढून टाक’ म्हणाले. त्यापुढे ‘मी निरोध वापरेन’ म्हणाले का? तुझ्या पत्रात ते वाक्य नाही, म्हणून विचारते. निरोध त्याच दवाखान्यात फुकट मिळतो. रोज गोळी घेणं जमणार असेल तर मूल सहा महिन्यांच्या पुढे असल्याने आता ‘माला-एन’ चालेल, तिने पाळी कमी होते, फक्त डोकेदुखी, रक्तदाब वगैरे डॉक्टरना आधी सांग. ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिने काही जणींची पाळी लांबते. ‘अंतरा’चं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, त्यावर पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तुला चार-पाच वर्षांनी मूल हवंय, तेव्हा ते गणितात बसतं. आणखी एक आहे, हार्मोनची तांबी. दिसायला तशीच, पण तिच्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन थोडं थोडं झिरपतं आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं. पहिले तीन-चार महिने बारीक बारीक डाग पडत राहतात, मग पाळी अगदी कमी होते. वर्षभराने पाचातल्या एकीची थांबतेच. थांबली म्हणून ‘खराब रक्त’ आत साठत नाही, अस्तरच तयार होत नाही तर साठेल काय? ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या तांबीसारखी नाही, खाजगीत काही हजार रुपये मोजावे लागतात. पण जास्त जाण्यावर ती स्वतःच एक उपचार आहे, परवडत असेल तर विचार कर.

आणि हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पाळी चालू नसताना तांबी काढणार असशील, तर आधीचे सात दिवस संबंध ठेवू नका किंवा निरोध वापरा. शुक्रजंतू पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतात. तांबी आज काढली आणि बीज उद्या सुटलं, तर दोन दिवस आधी झालेल्या संबंधातूनही दिवस जाऊ शकतात. पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत काढली तर ही भानगड नसते.

जाताना तांबी बसवली तेव्हा दिलेलं कार्ड आणि बाळंतपणाची फाइल बरोबर ने. उद्या टेस्टमध्ये काय आलं ते मला कळव, आणि हिमोग्लोबिनचा आकडाही.